बोट, कांच आणि रेघ

धुळाक्षरें गिरविणाऱ्या मुलानें आपलें बोट जाड आहे अशी तक्रार केल्याचें कोणाच्या ऐकिवांत नाहीं. पाटीवर धूळ पसरावी, तर्जनीनें अक्षर काढावें, चुकलें तर तळहातानें पुसून पुन्हां काढावें, ही रीति कागद महाग होता तेव्हां आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालली. त्या पाटीवर बोट हीच लेखणी होती, आणि अक्षर बोटाच्या मानानें चांगलें ऐसपैस असे. जाडीचा प्रश्न उद्भवला तो अगदीं अलीकडे. बोटाखालची पाटी तळहाताएवढी लहान झाली, आणि तिच्यावर नुसतें अक्षर न गिरवितां घराचा नकाशा, यंत्राचा सुटा भाग किंवा भूमितीची आकृति काढावी अशी आपली अपेक्षा वाढली तेव्हां. मोबाईलच्या कांचेवर टेंकलेलें बोट साधारण आठ-दहा मिलीमीटर जागा व्यापतें, आणि तेवढ्या जागेंत पडद्याचे हजारों ठिपके झांकले जातात. काढणाऱ्याला जो ठिपका हवा असतो तोच नेमका बोटाखालीं जातो. लेखणी आणि पडदा एकाच वस्तूनें व्हावें, असा हा चमत्कारिक प्रसंग आहे.

इतक्या लहान कांचेवर बोटानें मोजून-मापून रेघ कशी काढावी, या प्रश्नाचा इतिहास साठ वर्षांहून जुना आहे. सामान्य समजूत मात्र अशी कीं, तो सन २००७ मध्यें सुरू झाला. ही समजूत केवळ तारखेपुरती खोटी असती तर तिच्याविषयीं लिहिण्याचें कारण नव्हतें. परंतु तिच्या पाठोपाठ दुसरी एक समजूत पक्की होऊन बसली आहे. ती अशी कीं, चुकतें तें बोट आणि सुधारतें तें यंत्र. ही दुसरी समजूत मला अधिक घातक वाटते, आणि ती कां घातक वाटते हें सांगण्यासाठींच हा इतिहास पुन्हां उकलण्याचा विचार आहे.

सन १९६३ च्या जानेवारींत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेला आयव्हन सदरलंड नांवाच्या चोवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें एक प्रबंध सादर केला. त्याचे मार्गदर्शक होते क्लॉड शॅनन. प्रबंधाचें काम ज्या यंत्रावर झालें तें लिंकन प्रयोगशाळेंतील टीएक्स-२ हें यंत्र प्रचंड होतें. पण चित्रासाठीं त्याला जोडलेला पडदा अवघा सात इंच लांब व सात इंच रुंद होता, म्हणजे आजच्या एखाद्या लहानशा टॅब्लेटएवढा. त्या पडद्यावर प्रकाश ओळखणारें पेन धरून आकृति काढण्याची जी योजना सदरलंडनें सिद्ध केली, तिचें नांव स्केचपॅड.

या पेनाची एक अडचण होती, आणि ती आपल्या बोटाच्या अडचणीची सख्खी बहीण म्हणतां येईल. पेनाला बिंदु दिसत नसे. त्याला पडद्याचा एक वाटोळा तुकडा दिसे, आणि त्या तुकड्यांत कोठें तरी प्रकाश चमकला एवढेंच तें यंत्राला कळवूं शके. अशा पेनानें दोन रेघा नेमक्या एका बिंदूंत मिळविणें म्हणजे हातमोजा घालून सुईंत दोरा ओवणें. सदरलंडनें येथें पेनाकडून अचूकपणाची अपेक्षाच केली नाहीं. पेन एखाद्या काढलेल्या रेघेच्या किंवा बिंदूच्या जवळपास आलें, कीं काढणाऱ्याला तीच रेघ, तोच बिंदु अभिप्रेत आहे असें यंत्रानें समजावें आणि पेनाची खरी जागा बाजूस ठेवून ती मानलेली जागा हिशेबांत घ्यावी, असा नियम त्यानें घालून दिला. पेन कोठें आहे यापेक्षां पेन धरणाऱ्याला कोठें जावयाचें आहे, याला त्यानें अधिक किंमत दिली.

त्याच्या पुढचें पाऊल अधिक धीट होतें. प्रबंधाच्या आरंभींच त्यानें षट्कोनाचें उदाहरण दिलें आहे. सहा बाजूंची एक ओबडधोबड आकृति काढावी. तिचे सहाहि कोनबिंदु एका वर्तुळावर नेऊन बसवावे. मग यंत्राला सांगावें कीं सर्व बाजू सारख्या आहेत. पाहतां पाहतां आकृति सरकते आणि नियमित षट्कोन उभा राहतो. हात कांपला असो वा नसो, बाजू सारख्या असण्याचा जो संबंध काढणाऱ्यानें तोंडानें म्हणावा तसा यंत्राला सांगितला, त्यांतून अचूकपणा आला. चित्र दोन हजार पटींपर्यंत मोठें करून पाहण्याची सोय त्यांत होती. त्यामुळें सात इंचांच्या खिडकींतून पाव मैल लांब-रुंद अशा कागदावर काम करावें तसें तें झालें होतें. लहान पडद्यावर मोठें व काटेकोर चित्र कसें काढावें, या प्रश्नाचें अर्धेंअधिक उत्तर मोबाईल जन्माला येण्यापूर्वीं असें लिहून ठेवलेलें होतें.

आपल्याकडे ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बायकांना यांत फारसें नवल वाटूं नये. आधीं ठिपके मांडून घ्यावयाचे आणि मग चिमटींतून सोडलेली रेघ एका ठिपक्यावरून दुसऱ्या ठिपक्यावर न्यावयाची. वाटेंत ती किंचित् वाकडी झाली तरी ठिपक्याशीं आली कीं पुन्हां मार्गावर येते. रांगोळीची सगळी शिस्त ठिपक्यांत असते, हाताला त्यामुळें मोकळीक मिळते. फरक एवढाच कीं, रांगोळींतले ठिपके काढणारीनें स्वतः, डोळ्यांदेखत, मोजून मांडलेले असतात. या फरकाकडे मला पुढें यावयाचें आहे.

बोट प्रत्यक्ष कांचेवर आलें तें दोन वर्षांनीं, आणि तें अगदीं निराळ्या कामासाठीं. सन १९६५ मध्यें इंग्लंडांत माल्व्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंट या संस्थेंतील ई. ए. जॉन्सन यानें स्पर्श ओळखणाऱ्या पडद्याविषयीं एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. विमानांच्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या माणसांना कळफलक शोधीत बसावें लागूं नये, पडद्यावर दिसणाऱ्या नांवालाच बोट लावून काम व्हावें, हा त्यांतील उद्देश. पडद्यावर बसविलेल्या तारांपैकीं जिला बोट लागेल ती यंत्राला ओळखूं येई. येथें बोटानें कांहीं काढावयाचें नव्हतें, नुसतें निवडावयाचें होतें. आणि टचस्क्रीनवरील बोट म्हणजे बटण दाबणारें बोट, ही कल्पना तेव्हांपासून जी रुजली ती पुढें पंचवीस-तीस वर्षें हलली नाहीं.

तिला शास्त्राचाहि आधार मिळाल्यासारखा झाला. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें सन १९५४ मध्यें माणसांना दोन धातूच्या पट्ट्यांवर सळईनें आळीपाळीनें टोले मारावयास लावून एक नियम बसविला होता : लक्ष्य जितकें दूर आणि जितकें अरुंद, तितका नेम धरण्यास वेळ अधिक, आणि ही वाढ लॉगॅरिथमच्या प्रमाणांत होते. नियम अगदीं खरा आहे. पण त्यावरून लोकांनीं स्वतःचें एक अनुमान काढलें तें असें कीं, लक्ष्य बोटाहून बारीक असेल तर बोटाचा तेथें इलाजच खुंटला. फिट्सनें असें कोठेंहि म्हटलेलें नाहीं.

मध्यंतरीं माउस आला आणि काटेकोर रेखाटनाचा सारा व्यवहार त्याच्याकडे गेला. त्या काळांतील एकच काम येथें सांगण्याजोगें आहे. सन १९८६ मध्यें झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत एरिक बीअर आणि मॉरीन स्टोन यांनीं पट्टी आणि कंपास यांना संगणकाच्या पडद्यावर नवा जन्म दिला. हव्या त्या अंशाच्या रेषा, हव्या त्या त्रिज्येचीं वर्तुळें मदतीला बोलवावीं. कर्सर त्यांच्याजवळ आला कीं लोहचुंबकाकडे टांचणी ओढली जावी तसा त्यांच्याकडे ओढला जावा. काम झालें कीं त्या रेषा निघून जाव्या. आज ज्या गुणाला चित्रकार मंडळी 'स्नॅप' म्हणतात तो गुण सदरलंडकडून निघून या दोघांच्या हातीं असा वयांत आला.

आतां मी या कथेंतील मला सर्वांत मोलाच्या वाटणाऱ्या प्रकरणाकडे येतों. सन १९८८ मध्यें मेरीलंड विद्यापीठांत पॉटर, वेल्डन आणि बेन श्नायडरमन यांनीं एक साधाच प्रयोग केला. टचस्क्रीनवर बोटानें लहान वस्तु निवडावयाची. पण निवड कोणत्या क्षणीं झाली असें मानावें? बोट टेंकलें त्या क्षणीं? बोट सरकत सरकत पहिल्या वस्तूला लागलें त्या क्षणीं? कीं बोट उचललें त्या क्षणीं? तिसऱ्या पद्धतींत त्यांनीं आणखी एक सोय ठेविली. कर्सर बोटाखालीं न ठेवतां बोटाच्या किंचित् वर दाखविला. माणसानें बोट कोठेंहि टेंकावें, वर दिसणाऱ्या कर्सरकडे पाहत तें सावकाश सरकवावें, जागा बरोबर आली असें वाटलें कीं उचलावें. या तिसऱ्या पद्धतीला वेळ थोडा अधिक लागला, पण चुका सर्वांत कमी झाल्या.

वरवर पाहतां ही क्षुल्लक युक्ति वाटते. परंतु तिनें प्रश्नाचें स्वरूपच पालटून टाकलें. पूर्वीं स्पर्श हा एक घाव होता. बसला तर बसला, चुकला तर चुकला. आतां स्पर्श हा एक अवधि झाला. टेंकणें आणि उचलणें यांच्या दरम्यान माणसाला पाहण्यास, शंका घेण्यास, सुधारण्यास जागा मिळाली. ज्यानें बोरूनें लिहिलें असेल किंवा कुंचल्यानें रंगविलें असेल त्याला ठाऊक आहे कीं, हाताचें कौशल्य बहुतांशीं या दरम्यानच्या सुधारणेंतच असतें.

तीन वर्षांनीं, सन १९९१ मध्यें, अँड्र्यू सीअर्स आणि श्नायडरमन यांनीं बोट आणि माउस यांची सरळ लढतच लावून दिली. बत्तीस, सोळा, चार आणि शेवटीं एक पिक्सेल बाजूचे चौकोन निवडावयाचे. एका पिक्सेलचा चौकोन म्हणजे ०·४ मिलीमीटर रुंद आणि ०·६ मिलीमीटर उंच, खसखशीच्या दाण्याहूनहि लहान. बत्तीसपासून चार पिक्सेलपर्यंत बोट आणि माउस यांच्या कामगिरींत फरक आढळला नाहीं. चार पिक्सेलचा चौकोन जेमतेम दोन मिलीमीटरांचा होता हें ध्यानांत घ्यावें. एका पिक्सेलवरहि बोटानें नेम धरतां आला. बोटाची थरथर गाळून टाकणारी प्रणाली जोडली तेव्हां लहान लक्ष्यांवरील चुका बऱ्याच घटल्या. म्हणजे जाड बोटाचा खटला सन १९९१ मध्येंच पुराव्यानिशीं निकालांत निघाला होता, आणि बोट निर्दोष सुटलें होतें.

पण निकाल वाचण्यास न्यायालयांत कोणी नव्हतें. टचस्क्रीन त्या काळीं ठिकठिकाणच्या माहिती सांगणाऱ्या खोक्यांत बसविलेले, आणि खिशांत मावणारीं जीं यंत्रें सन १९९३ पासून निघालीं त्यांनीं बोट बाजूला सारून बारीक काडीसारखें पेन हातीं दिलें. आमच्या विद्याव्यवसायांत असें वारंवार घडतें. उत्तर आधीं सांपडतें, प्रश्न मागाहून लोकांना पडतो, आणि तोंपर्यंत उत्तराचा कागद कोणत्या कपाटांत ठेविला हें कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

सन २००७ च्या जानेवारींत स्टीव्ह जॉब्ज यानें सॅन फ्रान्सिस्को येथें आयफोन दाखविला आणि पेनाची भर सभेंत थट्टा केली. दहा बोटें ईश्वरदत्त असतां काडी कशाला सांभाळावी, असा त्याचा एकंदर रोख होता. सभा हंसली. साडेतीन इंचांचा, ३२० गुणिले ४८० ठिपक्यांचा तो पडदा. आणि ॲप तयार करणारांना कंपनीनें पुढें सल्ला दिला तो असा कीं, बोटानें दाबावयाची कोणतीहि वस्तु ४४ पॉइंटांहून लहान करूं नये. त्या पडद्यावर हें माप सात मिलीमीटरांच्या आसपास येतें. हिशेब करून पाहिला तर संपूर्ण पडदा बटणांनीं भरला तरी सात गुणिले दहा, म्हणजे सत्तरच बटणें मावतात. आणि मग चित्राला तसूभरहि जागा उरत नाहीं. नकाशे काढणाऱ्या कारागिराच्या पेटींतील हत्यारें मांडावयाचीं कोठें, आणि कागद पसरावयाचा कोठें?

बटण दाबण्यास सात मिलीमीटर लागतात, यावरून रेघहि सात मिलीमीटरांच्या आंत नीट येणार नाहीं असा पुष्कळांनीं ग्रह करून घेतला. हा पुन्हां तोच जुना घोटाळा होता. त्याच वर्षीं डॅनिएल व्होगेल आणि पॅट्रिक बाउडिश यांनीं 'शिफ्ट' नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. बोट बारीक वस्तूवर स्थिरावलें, कीं बोटाखालीं काय झांकलें गेलें आहे तें शेजारीं एका लहान वर्तुळांत दाखवावयाचें, आणि तेथें पाहत पाहत बोट सरकवून मग उचलावयाचें. मेरीलंडचा कर्सर सदैव बोटाच्या वर राही, त्यामुळें इष्ट जागेवर थेट बोट ठेवण्याचें सुख जाई आणि पडद्याच्या तळच्या कडेशीं पोंचणें कठीण होई. हे दोष या पद्धतींत टळले. येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. व्होगेल आणि बाउडिश हे मेरीलंडला विसरले नव्हते. त्यांनीं आपली तुलना त्या जुन्या पद्धतीशींच केली. विसरले होते ते बाकीचे. आदल्याच वर्षीं बेंको, विल्सन आणि बाउडिश यांनीं मोठ्या पडद्यासाठीं आणखी एक तोड काढली होती. एका बोटानें नेम धरावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटानें कर्सरचा वेग मंद करावा, म्हणजे बोट पुष्कळ सरकलें तरी कर्सर थोडाच सरकतो. सोनाराच्या हातीं बारीक कामाच्या वेळीं जो मंदपणा येतो तो येथें मागून घेतां येतो.

चित्रकारांनीं मात्र या सर्व विवंचनेकडे पाहिलेंहि नाहीं. सन २००८ मध्यें स्टीव्ह स्प्रँग यानें आयफोनसाठीं 'ब्रशेस' हें ॲप तयार केलें, आणि सन २००९ च्या जूनच्या पहिल्या तारखेला 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकाचें मुखपृष्ठ निघालें तें जॉर्ज कोलोंबो यानें रस्त्यांत उभें राहून, याच ॲपांत, फोनवर बोटानें काढलेलें होतें. रात्रीच्या दिव्यांत उभी असलेली खाद्यपदार्थांची गाडी हा त्याचा विषय. डेव्हिड हॉकनी याच्यासारखा जगन्मान्य चित्रकार आंगठ्यानें फुलें काढूं लागला. सन २०१० मध्यें पॅरिसला त्याच्या या चित्रांचें प्रदर्शन भरलें आणि तींहि फोनांच्या व टॅब्लेटांच्या पडद्यांवरच मांडलीं होतीं. लोकांस वाटलें, प्रश्न मिटला. वास्तविक तो टळला होता. फुलाची पाकळी एक मिलीमीटर इकडे कीं तिकडे, यानें फुलाचें कांहीं बिघडत नाहीं, खांबाचें बिघडतें. चित्राला जें क्षम्य आहे तें नकाशाला क्षम्य नाहीं, आणि टचस्क्रीनवर पहिल्या दोन वर्षांत जो गाजावाजा झाला तो सगळा चित्राचा होता.

या इतिहासांतील सर्वांत सुंदर शोध जर्मनींतील पॉट्सडॅम येथें लागला. बाउडिश तोंवर तेथें प्राध्यापक झाला होता. सन २०१० मध्यें त्यानें आणि ख्रिश्चन होल्झनें स्पर्शाच्या चुका बोटाचे ठसे घेणाऱ्या यंत्रावर बारकाईनें तपासल्या. बोट जाड म्हणून चुका होत असत्या तर त्या लक्ष्याच्या चोहोंकडे वाटेल तशा विखुरलेल्या दिसावयास हव्या होत्या. तशा त्या दिसल्या नाहींत. एकच माणूस, बोटाची एकच ठेवण, असें धरलें तर त्याचे स्पर्श एका ठिकाणीं दाट पुंजका करून पडत. मात्र तो पुंजका लक्ष्यापासून एका ठराविक दिशेला सरकलेला असे. बोट उभें धरलें, आडवें धरलें, कुशीवर कललें, कीं पुंजक्याची जागा बदले. माणूस बदलला कीं पुन्हां बदले. म्हणजे प्रत्येक माणूस अचूकच होता, पण आपापल्या रीतीनें. बोटाची ठेवण आणि माणूस ओळखून ही सरक वजा करणारें त्यांचें यंत्र नेहमींच्या टचस्क्रीनपेक्षां १·८ पट अचूक ठरलें.

असें कां व्हावें, याचा उलगडा त्यांनीं दुसऱ्या वर्षीं, सन २०११ मध्यें केला. माणूस नेम धरतांना बोटाचा जो भाग त्याला दिसतो त्याकडे, म्हणजे नखाच्या बाजूकडे पाहून धरतो. यंत्र मात्र बोटाचा जो भाग कांचेला टेंकतो त्यावरून, म्हणजे पेराच्या तळावरून जागा ठरवितें. एक वरून पाहतो, दुसरा खालून. दोघेहि आपापल्या परीनें खरें बोलतात, आणि मध्यें अर्धें पेर जाडीचें अंतर राहतें. इतकीं वर्षें ज्याला बोटाचा दोष म्हटलें तो दोष नव्हताच. तो दोन साक्षीदारांच्या उभें राहण्याच्या जागेंतील फरक होता. बोटाचा कल असा वाचण्याची सोय बाजारांतील सामान्य फोनांत नाहीं, हें खरें. पण दोष कोणाचा हें ठरल्यावर उपाय कोणी करावयाचा हेंहि ठरतें.

पुढें पेन परत आलें. सन २०११ मध्यें सॅमसंगनें फोनाच्या पोटांतच पेन घालून दिलें, आणि ज्या कंपनीच्या व्यासपीठावरून पेनाची थट्टा झाली होती तिनेंहि सन २०१५ मध्यें आपल्या मोठ्या टॅब्लेटसाठीं पेन काढलें. हीं साधनें उत्तम आहेत. पण हातीं नुसता फोन असलेला विद्यार्थी, गवंडी, सुतार किंवा तलाठी यांच्या खिशांत तीं नसतात. त्यांना बोटानेंच भागवावयाचें आहे, आणि म्हणून बोटाचा प्रश्न पेनानें सुटला असें म्हणणें हें पालखी असलेल्यानें चालणाऱ्याच्या वाटेंतील कांटे संपले म्हणण्यासारखें आहे.

माझा स्वतःचा या विषयाशीं संबंध आला तो एका जुन्या वाड्यामुळें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या महाविद्यालयांतील इतिहासाचे कांहीं विद्यार्थी घेऊन मी एका पडक्या वाड्याचें मापन करण्यास गेलों होतों. एका विद्यार्थ्यानें कागदाऐवजीं फोनवर नकाशा काढण्याची परवानगी मागितली. ती मीं दिली. मागच्या चौकांतील एका खोलीच्या भिंती बारा फूट आणि सोळा फूट भरल्या. टेपाचें टोंक धरून मुलांनीं कर्ण मोजला. कोन काटकोन असता तर कर्ण वीस फूट यावयास हवा होता. तो साडेएकोणीस फूट आला. म्हणजे कोन ८७ अंशांचा होता, आणि ती भिंत मूळच्या बांधणींतली नसून मागाहून, शेजारच्या जुन्या पायाला धरून घातलेली असावी असा तर्क निघत होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला वाड्यांत यापेक्षां अधिक काय मिळावें?

संध्याकाळीं नकाशा पाहिला तों कोन नव्वद अंशांचा. मुलाची चूक नव्हती. त्यानें भिंत तिरपी काढली होती. ॲपनें ती सरळ केली होती. फोनवर सोळा फुटांची भिंत दोन इंचांत बसविली, तर बारा फुटांच्या भिंतीचा तीन अंशांचा कल टोंकाशीं दोनच मिलीमीटरांचा होतो. बोटाखालीं तो दिसण्याचा प्रश्नच नव्हता, आणि ॲपनें तो बोटाचा कंप समजून मोठ्या सौजन्यानें पुसून टाकला. मीं प्रथम सुचविलें कीं, चित्र मोठें करून काढ. त्यानें तसें केलें. कोन पुन्हां नव्वद. मग माझ्या लक्षांत आलें कीं, चित्र मोठें केल्यानें लांबीची चूक लहान होते, परंतु कोन कितीहि मोठा करून पाहिला तरी तीन अंश तीनच राहतात, आणि तीन अंशांचा फरक क्षम्य मानून सरळ करण्याचा त्या ॲपचा नियम होता.

येथें सदरलंडच्या षट्कोनाकडे मागें वळून पाहावें. त्याच्या यंत्रानें बाजू सारख्या केल्या खऱ्या, पण बाजू सारख्या आहेत हें काढणाऱ्यानें सांगितल्यावर. पालो आल्टोच्या मदतीच्या रेषा काढणारा स्वतः बोलावीत असे. आमच्या वाड्याच्या नकाशांत ठिपके कोणी मांडले होते? ज्यानें वाडा पाहिला नाहीं, ज्याला भिंती काटकोनांतच असतात असें वाटतें, अशा कोणा दूरच्या माणसानें. आणि ते ठिपके अदृश्य होते. सन १९९७ मध्यें जपानांत ताकेओ इगाराशी आणि त्याच्या सहकाऱ्यांनीं ओबडधोबड रेघा नीट करणारी एक प्रणाली सिद्ध केली होती. तिची मौज अशी कीं, काढलेल्या रेघेचा एकच अर्थ ती गृहीत धरीत नसे. ही समांतर असावी काय, लंब असावी काय, त्या बिंदूला मिळावी काय, असे निरनिराळे पर्याय ती पडद्यावर मांडी आणि काढणारा त्यांतून हवा तो टोंचून घेई. कांहीं ॲपांत आज रेघ ओढून बोट क्षणभर तसेंच दाबून ठेवलें तरच ती सरळ होते. हीहि एक प्रकारची विचारणाच आहे. असें विचारण्यास लहान पडद्यावर जागा पुरत नाहीं, असें ॲप रचणारे सांगतात. चार पर्यायांना जागा नसेल तर निदान रेघ ओढली गेली, खेंचली गेली, एवढें सांगणारा एक ठिपका तरी रंगवावा. आणि जेथें माप माहीत आहे तेथें तें आंकड्यांत लिहूं द्यावें. आंकडा लिहिण्यास बोट जाड पडत नाहीं.

त्या मुलानें तेंच केलें. ॲपच्या चार कप्प्यांत शोधून त्यानें आपोआप सरळ करण्याची कळ बंद केली. खोली चार भागांत मोठी करून एकेक कोपरा, बोट टेंकवून, सरकवून, उचलून, आपापल्या जागीं बसविला. कर्ण १९·५ फूट असा लिहिला आणि भिंत तीन अंशांनीं कलली. या खटाटोपाला त्याला पाऊण तास लागला. बाकीच्या मुलांचे कागदी नकाशे तोंवर केव्हांच पुरे झाले होते, पण त्यांतील दोघांनीं पट्टी आणि गुण्या लावून तोच कोन नव्वद अंशांचा काढला होता, हें मला दुसऱ्या दिवशीं ते तपासतांना दिसलें.